फुगलेल्या पोटाचे निदान

चि. ओंकार यास,


फायटर, गप्पी, मॉली अशा लहान माशांचे पोट फुगणे हा रोग नव्हे, लक्षण आहे. कारण साधे बद्धकोष्ठ असेल, अंडी असतील, जंत असतील किंवा निकामी झालेले मूत्रपिंड. म्हणून औषधाची बाटली उघडण्याआधी मासा वरून पाहावा. काचेतून बाजूने पाहिल्यास खरी खूण नजरेतून निसटते.

ती खूण खवल्यांची. खवले उभे राहून मासा सीताफळासारखा दिसू लागला, तर पोटाच्या पोकळीत पाणी साठले आहे, म्हणजे जलोदर झाला आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे कल्ल्यांतून पाणी सतत आत झिरपते. मूत्रपिंड ते पातळ मूत्रावाटे बाहेर टाकते. ते थकले की पाणी आतच राहते. यामागे बहुधा एरोमोनाससारखे जिवाणू असतात. ते टाकीत एरवीही असतातच. अमोनिया वाढून मासा अशक्त झाला की त्यांचे फावते.

खवले बसलेले, मासा चपळ आणि खादाड, पण विष्ठा बंद, असे असेल तर बद्धकोष्ठ समजावे. फायटरमध्ये हेच जास्त आढळते, आणि दोष बहुतेक वेळा दाणे टाकणाऱ्या हाताचा असतो. उपाय फुकटचा आहे: दोन-तीन दिवस उपास. धडधाकट मोठ्या माशाला त्याने काही होत नाही. मग डॅफ्निया द्यावा. त्याचे कवच पचत नाही आणि चोथ्याचे काम करते. उकडलेला वाटाणा गोल्डफिशला ठीक, मांसाहारी फायटरला नव्हे. पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस हवे. पुण्या-नाशिकच्या थंडीत हीटर नसला तर पचन मंदावते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

गप्पीच्या मादीचे पोट साधारण चार आठवड्यांच्या गर्भकाळात फुगते आणि शेपटीकडचा काळसर डाग गडद होतो. तिला औषध देणे हा निव्वळ छळ. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा आणि पाठीकडून रोडावत जाणारे अंग दिसले, तर मात्र आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्यावा; त्यांपैकी काहींवर खाद्यातून दिलेले मेट्रोनिडाझोल चालते.

जलोदराचा मासा वेगळ्या टाकीत ठेवावा. २० लिटर पाण्याला एक चहाचा चमचा एप्सम सॉल्ट पुरते. ते आधी वेगळे विरघळवून थोडे थोडे ओतावे. त्याने सूज उतरायला मदत होते. स्वयंपाकाचे मीठ त्याची जागा घेऊ शकत नाही. प्रतिजैविक पशुवैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे, आणि मासा खात असेल तर खाद्यातून. खवले पूर्ण उभे राहिल्यावर मासे क्वचितच वाचतात. ‘हमखास गुण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या निळ्या-पिवळ्या थेंबांनी तर नाहीच.

मूळ टाकीतल्या पाण्याची चाचणी त्याच दिवशी करावी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नसतील तर क्लोरीन काढलेले पाणी घालून एक चतुर्थांश ते एक तृतीयांश पाणी बदलावे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, म्हणजे उपयोगी जिवाणू टिकतात.

तुझा मामा