ब्रेक ऑइलला अनावृत पत्र

बेंगळुरू

प्रिय ब्रेक ऑइल,



तुझी-माझी खरी ओळख शिराडी घाटात झाली. त्याआधी कित्येक वर्षं तू माझ्या पिकअपमध्ये होतंस, पण मी तुझी कधी विचारपूस केली नव्हती. तुझी टाकी भरलेली दिसली की झालं, एवढंच मला माहीत.

सकलेशपूर सोडून मंगळुरूच्या दिशेला उतरत होतो. मागे दीड टन माल, पुढे एक बस, आणि वळणावळणाला पाय पॅडलवर. गुंड्या गावाच्या अलीकडे पॅडल दाबलं तर पाय सरळ तळाला गेला, जणू चिखलात रुतला. दुसरा गिअर, मग पहिला, हँडब्रेक, आणि शेवटी डोंगराकडचा चर. गाडी थांबली. अर्ध्या तासाने सहज दाबून पाहिलं, तर पॅडल घट्ट! खाली उतरून एका मेकॅनिकला दाखवलं. तो म्हणाला, काही दोष नाही, ऑइलची लेव्हल अगदी बरोबर आहे.

दोष होता. तो लेव्हलमध्ये दिसणारा नव्हता, इतकंच.

तू हवेतली ओल पितंस. रबरी नळ्यांमधून, टाकीच्या झाकणातून, रोज थोडी थोडी. डॉट 4 दर्जाचं नवं कोरं असताना तू 230 अंश सेल्सिअसच्या आत उकळायचं नाहीस असा नियम आहे. अंगात 3.7 टक्के पाणी मुरलेलं धरलं, की तोच नियम 155 अंशांवर येतो. डॉट 3 ला हेच आकडे 205 आणि 140. भरल्या गाडीने घाट उतरताना चाकापाशी एवढा ताप सहज चढतो. तिथे तू उकळलंस की नळीत वाफ धरते. द्रव दाबून लहान होत नाही, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत जसाच्या तसा पोचतो. वाफ मात्र दबते आणि सगळा जोर तिच्यातच जिरतो. गाडी गार झाली की वाफेचं पुन्हा पाणी, पॅडल पुन्हा घट्ट. मेकॅनिकला दाखवायला पुरावा म्हणून काही उरत नाही.

मोठ्या ट्रकांचे ब्रेक हवेवर चालतात, तिथे तू फार तर क्लचपुरतं. पण छोटा हत्ती किंवा पिकअप चालवणाऱ्या आम्हा लोकांचा जीव तुझ्यावरच टांगलेला आहे.

म्हणून आता दर दोन वर्षांनी, फेब्रुवारीतला एक कोरडा रविवार तुझा. जे. सी. रोडवरून अर्ध्या अर्ध्या लिटरचे दोन सीलबंद डबे आणतो. आधी फोडून ठेवलेला डबा कितीही भरलेला असो, तो नको. झाकणाखालची ओल त्याने पिऊन घेतलेली असते. गाडी सपाट जागेवर, चाकांना दगड, जॅकखाली फळी. टाकीतलं जुनं ऑइल मोठ्या सिरिंजने ओढून घ्यायचं आणि नवं ओतायचं. मग मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. माझ्या गाडीत ते मागचं डावं. तिथल्या ब्रेकवर ऑइल काढायचं निपल असतं, त्याला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्याशा ऑइलमध्ये बुडवलेलं.

केबिनमध्ये शेजारचा पोरगा बसतो. त्याला मराठी येत नाही, त्यामुळे आमचं हे काम कानडीत चालतं. मी चाकाखालून ओरडतो, "ओत्तु!" तो तीन-चारदा दाबतो. "हिडी!" तो दाबून धरतो. मी पान्याने निपल अर्धा फेरा सैल करतो, पॅडल खाली जातं, निपल आवळतो, आणि मगच "बिडु!", म्हणजे सोड. हा क्रम चुकला, निपल उघडा असताना त्याने पाय उचलला, तर नळी उलटी हवा ओढते आणि सगळं पहिल्यापासून. टाकीवरही डोळा ठेवावा लागतो. ती रिकामी झाली की तीच गत.

घाटानंतर पहिल्यांदा हे केलं तेव्हा नळीतून कोऱ्या चहासारखं काळपट ऑइल आलं, त्यात बारीक फुगे. पोरगा खिडकीतून वाकून बघत राहिला. हळूहळू रंग निवळला, मधासारखा झाला, फुगे थांबले. चारही चाकं झाल्यावर पॅडल दाबलं, तेव्हा ते पायाखाली दगडासारखं उभं राहिलं. मला भरून आलं होतं, हे तुला सांगायला हरकत नाही.

तुझ्यावर होणारा अन्याय दिसतो म्हणून लिहितोय. टाकीत चार थेंब घालून "झालं काम" म्हणणारे गल्लोगल्ली आहेत. इंजिन ऑइलची सगळे काळजी घेतात, कारण ते बिघडलं तर खर्च बसतो. तू बिघडलंस तर माणूस जातो, तरी तुझी तारीख कोणी लिहून ठेवत नाही. याचा मला राग येतो.

गाडीवाल्या बंधूंनो, आता तुम्हाला. एबीएसवाली गाडी असेल तर हे काम घरी करू नका, अशा काही गाड्यांना कंपनीचं यंत्र लागतं. ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नका, त्याने रबर फुगून निकामी होतं. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. जुनं ऑइल गटारात ओतू नका, आपल्या शहराची गटारं तलावांना मिळतात. काम झाल्यावर पॅडल जरा जरी मऊ लागलं तरी गाडी रस्त्यावर काढू नका. आणि उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी झाकण उघडून रंग बघा. चहासारखा असेल, तर घाट उतरण्याआधी बदला.

कळावे,
तुझा, एक पिकअपवाला