परदेशची पावती

पिकतें तेथें विकत नाहीं, ही म्हण ज्या कोणा पूर्वजानें प्रथम उच्चारिली त्याच्या डोळ्यांपुढें भाजीपाला असावा. परंतु अलीकडे ती आम्हांस चित्रपटांच्या बाबतींत वारंवार आठवूं लागली आहे. एखाद्या नव्या मराठी चित्रपटाचा विषय निघाला कीं आमच्या मित्रमंडळींत पहिला प्रश्न येतो तो ‘त्याला बाहेर कांहीं मिळालें आहे का?’ हा. बाहेर म्हणजे व्हेनिस, कान किंवा बर्लिन. मिळालें आहे असें सांगितलें म्हणजे ऐकणारा समाधानानें मान डोलावितो, आणि पुष्कळदां त्या मान डोलावण्यांतच त्याचें चित्रपट पाहणें उरकून जातें!

आंतरराष्ट्रीय महोत्सवांशीं आमचें वैर नाहीं. २००४ पासून गोव्यांत भरणाऱ्या महोत्सवाची वारी आम्हीं हौसेनें केली आहे, आणि ज्या देशांचीं नांवें केवळ नकाशांत वाचलीं होतीं तेथील माणसांचीं सुखदुःखें तेथल्या अंधारांत बसून पाहिलीं आहेत. आमची शंका आहे ती पारितोषिकाला आपण जो निवाड्याचा मान देतों त्याविषयीं.

हा निवाडा कसा होतो हें जुन्या इतिहासावरून चांगलें कळतें. व्हेनिसचा पहिला महोत्सव १९३२ सालीं लिडो बेटावरील एका हॉटेलच्या गच्चीवर भरला. तेव्हां परीक्षकमंडळच नव्हतें. प्रेक्षकांचीं मतें घेऊन काम भागविण्यांत आलें. स्पर्धा सुरू झाली ती १९३४ सालीं, आणि तिच्या मुख्य करंडकास नांव मिळालें तें मुसोलिनीचें. १९३७ मध्यें इटालियन चित्रपटाचा करंडक आफ्रिकेंत जय मिळविणाऱ्या एका रोमन सेनापतीच्या चरित्रपटास गेला. अबिसीनियावरील स्वारी नुकतीच आटोपली होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या निवडीचें नवल वाटत नाहीं. पुढच्याच वर्षीं जर्मनीचा ‘ऑलिंपिया’ आणि एका इटालियन वैमानिकावरील चित्रपट यांना करंडक विभागून दिला गेला, तेव्हां फ्रान्स, इंग्लंड व अमेरिका यांनीं निषेध केला. त्या रागांतूनच कानच्या महोत्सवाची कल्पना निघाली. तो १९३९ च्या सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस भरावयाचा होता. त्याच दिवशीं जर्मन फौजा पोलंडांत शिरल्या आणि महायुद्ध संपून १९४६ साल उजाडेपर्यंत त्यास थांबावें लागलें. त्या वर्षीं कानच्या परीक्षकांनीं सर्वोच्च पारितोषिक अकरा चित्रपटांस वांटून दिलें. चेतन आनंद यांचा ‘नीचा नगर’ त्यांपैकींच एक. परीक्षकहि अखेर आपल्या काळाचींच माणसें असतात!

मुसोलिनीच्या नांवाचे करंडक वांटणाऱ्या त्याच व्हेनिसमध्यें १९३७ सालीं पुण्याच्या प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’चा विशेष गौरव झाला. राजाचा नजराणा परत करणाऱ्या वाण्याची गोष्ट हुकूमशहाच्या दरबारीं वाखाणली जावी, यांत दैवाचा विनोद आहे खरा. परंतु आम्हांस महत्त्वाची वाटते ती निराळीच गोष्ट. दामले व फत्तेलाल यांचा हा चित्रपट १९३६ च्या डिसेंबरांत पडद्यावर आला आणि मुंबईच्या एकाच चित्रगृहांत ५७ आठवडे चालला. व्हेनिसचें मत कळलें तेव्हां इकडचे लोक आठ महिने तो पाहत होते. विष्णुपंत पागनिसांच्या चेहऱ्यावरील भाव खरा कीं खोटा, हें ठरविण्यासाठीं कोणी इटलीच्या टपालाची वाट पाहिली नाहीं. आपला निकाल आधीं झाला होता. परदेशाहून आली ती नुसती पावती.

आज हा क्रम उलटला आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला २०१४ सालीं व्हेनिस येथें दोन पारितोषिकें मिळालीं; आपल्या चित्रगृहांत तो आला २०१५ च्या एप्रिलांत. रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ २०२५ च्या जानेवारींत अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत परीक्षकांचें प्रमुख पारितोषिक घेऊन आला. येथें तो प्रदर्शित झाला सप्टेंबरांत. म्हणजे आपल्या घरची गोष्ट आधीं परक्यांनीं ऐकावयाची, आणि त्यांनीं बरी म्हटल्यावर आपण कान द्यावयाचा. असाच एक गाजलेला चित्रपट आमच्या गांवीं आला तेव्हां त्याचा दुपारचा एकच खेळ ठेवला होता. आम्ही धरून अकरा प्रेक्षक होतों. पुढच्या शुक्रवारीं भिंतीवर दुसरें चित्र लागलें.

वस्तुतः कांहीं पुरावा असा असतो कीं तो आपल्यापाशींच असतो. ‘कोर्ट’मध्यें मराठी, हिंदी, गुजराती व इंग्रजी अशा चार भाषा नांदतात. न्यायासनासमोर कोण कोणत्या भाषेंत बोलतो आणि आरोपी शाहिरास त्यांतलें किती आपलें वाटतें, यांतच त्या चित्रपटाची निम्मी वेदना आहे. पडद्याच्या तळाशीं उमटणाऱ्या इंग्रजी ओळींत या चारी भाषा एकसारख्या होऊन जातात. परदेशच्या परीक्षकांनीं तेवढ्यावरूनहि चित्रपटाचें मोल ओळखलें, हा त्यांचा मोठेपणा. परंतु जें त्यांच्या कानीं पडूंच शकलें नाहीं तें आपण ऐकलें नाहीं, तर तें कोणीच ऐकलें नाहीं असें होईल.

‘पारितोषिक नसतें तर हे चित्रपट गांवांत आलेहि नसते,’ असें यावर कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य आहे. ज्या दिग्दर्शकापाशीं जाहिरातीस पैसा नाहीं त्याला व्हेनिसचें एक प्रशस्तिपत्र शंभर भित्तिपत्रकांचें काम देतें, आणि पुढच्या चित्रपटास भांडवल मिळवून देतें. तें त्यास अवश्य मिळावें. मात्र प्रशस्तिपत्र दार उघडून देतें. आंत जाऊन बसण्याचें काम प्रेक्षकाचें आहे, आणि तें सात समुद्रांपलीकडील सात परीक्षकांवर सोंपवितां येत नाहीं. सोंपवूं लागलों, तर हळूहळू आपले दिग्दर्शकहि त्या सातांकडेच तोंड करून बोलूं लागतील, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा अधिकार आपणांस राहणार नाहीं.

पुण्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवांत मराठी चित्रपटासाठीं जें पारितोषिक दिलें जातें त्यास ‘संत तुकाराम’ असेंच नांव आहे. नांव उचित आहे. तें उच्चारतांना व्हेनिसच्या गौरवाइतकीच त्या ५७ आठवड्यांचीहि आठवण राहावी, एवढीच आमची इच्छा आहे; कारण तो मान देणारे परीक्षक तिकिटाचे पैसे स्वतः भरून आले होते.