लाल केस, निळे केस

रात्री जेवणं आटोपल्यावर पुन्हा 'सेलेस्ट' लावला. २०१८चा गेम. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते, एवढीच गोष्ट. पण वेग असा की नवखा माणूस नुसती बटणं बडवत सुटतो. माझ्या मते इथं बोटांआधी डोळे कामाला लावावेत. मॅडलिनला बहुतेक खेळभर हवेत एकदाच झेप घेता येते, आठांपैकी कुठल्याही दिशेला. झेप शिल्लक असेल तर केस लाल, वापरली की निळे. पाय जमिनीला टेकले की पुन्हा लाल. भिंतीला फार वेळ लटकलं की तिचा दम संपत येतो आणि ती लुकलुकू लागते.

आणखी एक गंमत. कड्यावरून पाय सुटल्यावरही क्षणभर उडी मारता येते; ही सवलत करणाऱ्यांनी मुद्दाम ठेवली आहे. मेलं तरी त्याच पडद्यावर लगेच हजर! मग घाबरायचं कशाला?

गेममध्ये गोळा करायला ठेवलेल्या स्ट्रॉबेऱ्यांच्या मागे पहिल्या खेपेला लागू नये, त्यांच्यावाचून काही अडत नाही. फारच अडलं, तर असिस्ट मोडमध्ये गेमचा वेग कमी करता येतो. काहींना ती लबाडी वाटते. वाटो बापडी, तुम्ही खुशाल वापरा.