अधिक की उणे?

मुले अभ्यासाला बसली की स्वयंपाकघरापर्यंत एक प्रश्न हमखास येऊन पोचतो : “आई, इथे बेरीज करायची की वजाबाकी?” आई बिचारी पोळ्या लाटत असते. तवा तापलेला, एका हातात लाटणे. ती तिथूनच म्हणते, “नीट वाच. ‘एकूण’ असं लिहिलंय ना? मग बेरीज कर.” मुलाचे काम होते, आईचे काम होते, बहुतेक वेळा उत्तरही बरोबर येते. पण त्या उदाहरणातले खरे गणित आईने पोळपाटावरूनच करून टाकलेले असते. मुलाच्या वाट्याला उरते ती नुसती आकडेमोड.

मैत्रिणींनो, बेरीज येणे आणि बेरीज केव्हा करायची हे कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फोडणी करता आली म्हणजे स्वयंपाक आला असे नाही. आमटीला ती आधी द्यायची आणि कोशिंबिरीला वरून, हेही कळावे लागते. तसेच हे.

मी पंचवटीत राहते, काळाराम मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर. मी शिक्षिका नव्हे. पण नातवंडांच्या निमित्ताने आळीतली चार-पाच मुले संध्याकाळी आमच्या ओट्यावर जमतात आणि पाटी-वही घेऊन बसतात. त्यांत शेजारच्या बिऱ्हाडातली एक मुलगी आहे, दुसरीतली. हसरी, चुणचुणीत. पण चाचणी परीक्षेचा पेपर घरी आला आणि तिच्या घरात रडारड झाली. मांडून दिलेल्या बेरजा-वजाबाक्या सगळ्या बरोबर होत्या आणि शाब्दिक उदाहरणे मात्र एकजात चूक! आईने दोन धपाटे घातले. वडील म्हणाले, “जाऊ दे गं, मुलीला काय करायचंय एवढं गणित!” मला विचाराल तर धपाट्यांपेक्षा हे वाक्य जास्त लागणारे. त्यानंतर गणिताच्या तासाच्या दिवशी तिच्या पोटात दुखू लागले. डॉक्टरांनी तपासले, पोटात काही नव्हते. सातव्या वर्षी पोर स्वतःला ‘ढ’ समजू लागली होती.

तिला जवळ बसवून मी विचारले, “बेरीज करायची की वजाबाकी, हे तू ठरवतेस तरी कसं?” ती खालच्या आवाजात म्हणाली, “आजी, दोन्ही आकडे मोठे असले की बेरीज. एक मोठा आणि एक लहान असला की वजाबाकी.”

“मग बरोबर येतं का?”

“कधी कधी येतं.”

पाहा बरे! ही मुलगी आळशी नव्हती, ढ तर मुळीच नव्हती. कुणी रस्ता दाखवला नाही म्हणून तिने आपली एक पायवाट पाडली होती, इतकेच.

आपण मोठी माणसे मुलांना दुसरी एक पायवाट दाखवतो. ‘एकूण’, ‘मिळून’, ‘जास्त’, ‘आणखी’ आले की बेरीज. ‘उरले’, ‘खाल्ले’, ‘कमी’ आले की वजाबाकी. ही युक्ती चार दिवस चालते आणि पाचव्या दिवशी दगा देते. ही तीन उदाहरणे आपल्या मुलाला घालून पाहा.

रव्याचे आणि बेसनाचे मिळून डब्यात एकूण १२ लाडू आहेत. रव्याचे ५ आहेत. बेसनाचे किती? ‘मिळून’ आणि ‘एकूण’ पाहून मूल १७ लिहिते. डब्यात १२ लाडू असताना त्यांतले बेसनाचे किती, तर १७!

बंडूने ४ पेरू खाल्ले तेव्हा टोपलीत ६ उरले. आधी किती होते? ‘खाल्ले’ आणि ‘उरले’ दिसले की उत्तर येते २. खरे उत्तर १०.

ताईकडे ८ बांगड्या आहेत. धाकटीपेक्षा त्या ३ ने जास्त आहेत. धाकटीकडे किती? ‘जास्त’ म्हणून ११. खरे उत्तर ५.

शब्द खोटे नसतात, पण शब्दांमागची गोष्ट न पाहता नुसता शब्द पकडला की अशी फसगत होते. म्हणून मी त्या मुलीच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि वाटीभर चिंचोके पुढे ठेवले. नियम एकच. आधी गोष्ट सांगायची, आकडे न सांगता. पेरूचे उदाहरण ती सांगू लागली, “टोपलीत पेरू होते. बंडूनं थोडे खाल्ले. थोडे उरले.” मी विचारले, “मग यातलं आपल्याला काय ठाऊक नाही?” ती थांबली. “आधी किती होते ते.” “आधी जास्त होते की आता?” “आधी!” मग तिने चार चिंचोके खाल्लेल्यांचे ठेवले, सहा उरलेल्यांचे ठेवले आणि मी काही न सांगता दोन्ही ढीग एकत्र केले. बेरीज हा शब्द आम्ही दोघींनीही उच्चारला नव्हता.

आधी काय होते, मग काय झाले आणि काय ठाऊक नाही, हे तीन प्रश्न पुरतात. उत्तर मोठे यायला हवे की लहान, एवढे मुलाला आधी सांगता आले तर चिन्ह आपोआप सुचते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात थॉमस कार्पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात लहान मुलांचा याच बाबतीत बारकाईने अभ्यास केला. अधिक-उणेची चिन्हे शिकवण्याआधीच लहान मुले वस्तू मांडून, गोष्ट करून दाखवून अशी पुष्कळ उदाहरणे सोडवतात, असे त्यांना आढळले. म्हणजे समज मुलाजवळ असते. चिन्हे आली की ती समज बाजूला ठेवायची असते, असा समज आपण नकळत करून देतो.

वजाबाकीची एक अडचण मात्र खरीच आहे. चिन्ह एक, पण तिची रूपे अनेक. काढून घेणे हे एक रूप, आणि मुलांना आपण बहुधा तेवढेच शिकवतो. कमी किती पडतात, हे दुसरे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला १५ जणी यायच्या आहेत आणि वाणाच्या डब्या ९ आहेत, तर आणखी किती आणाव्या? इथे कुणी काहीच काढून घेत नाही, उलट आणायचे आहे, तरी वजाबाकी! दोघांतला फरक हे तिसरे रूप, आणि लाडवांच्या डब्यासारखा झाकलेला भाग ओळखणे हे चौथे.

आमच्याकडे यासाठी गोदामाईच मदतीला येते. घाटावरचा दुतोंड्या मारुती म्हणजे नाशिककरांचे पूर मोजायचे माप. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून पावसाळ्यात गावभर बातमी होते. तेव्हा मुलांना मी विचारते, “कमरेपर्यंत आलंय, तर गळ्यापर्यंत यायला अजून किती हवं?” पायऱ्यांचेही तसेच. सकाळी ९ पायऱ्या उघड्या होत्या, दुपारी ५ दिसतात, तर पाण्याखाली किती गेल्या? पायरी कुणी उचलून नेली नाही, पाण्यात आहे. डोळ्यांना दिसत नाही एवढेच. वजाबाकी म्हणजे नाहीसे होणे नव्हे, हे मुलाला तिथे चटकन उमगते. (पूर असताना मुलांना घाटावर नेऊ नका, हे सांगायला नकोच. गच्चीवरून किंवा बातम्यांतल्या चित्रावरून विचारले तरी चालते.)

बुधवारच्या बाजारात भाजीवालीकडे मुलाला मुद्दाम उभे करा. ३७ रुपयांची भाजी झाली आणि आपण ५० ची नोट दिली, तर ती काही पन्नासातून सदतीस वजा करीत बसत नाही. ती हातावर एकेक नाणे ठेवते, “अडतीस, एकोणचाळीस, चाळीस,” आणि वर दहाची नोट, “हे पन्नास.” बेरीज करीत करीत तिने वजाबाकी केली! तेरा रुपये परत आले. बेरीज आणि वजाबाकी या एकाच घरातल्या जावा आहेत, हे यापेक्षा सोपे करून कोण सांगणार?

आपल्या भाषेतही ही जोडी लपलेली आहे. सव्वा आणि साडे यांत अधिक आहे, पावणे यात उणे. सव्वाचार म्हणजे चारावर पाव, पावणेचार म्हणजे चाराला पाव कमी. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द तर ‘एक उणे’ असेच सांगतात. मुलाला ‘एकोणतीस’ ऐकून तीस लिहावेसे वाटते, त्याला कारण आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘बावीस’सारख्या नावांच्या जोडीला ‘वीस दोन’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा त्यावर केवढा गदारोळ झाला होता! गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण समजावून सांगितली होती. त्या २०२३ साली गेल्या. त्यांची ‘गणिताच्या सोप्या वाटा’ आणि ‘गणितगप्पा’ ही पुस्तके घरात असावीत अशीच आहेत.

ही काळजी एकट्यादुकट्या घराची नाही. ‘असर’ या पाहणीत देशभरातल्या खेड्यांतील मुलांना दोन अंकी, हातच्याची वजाबाकी घालतात. २०२२ साली तिसरीतल्या शंभरातल्या सुमारे २६ मुलांना ती आली, २०२४ साली सुमारे ३४ मुलांना. सुधारणा आहे, पण शंभरातल्या सहासष्टांचे काय? आणि ही तर मांडून दिलेली वजाबाकी. ती केव्हा करायची, हा प्रश्न त्याच्याही पुढचा.

जरा मोठ्या मुलांना गोडी लावायची असेल, तर आमच्या नाशिकजवळच्या देवळालीचे कापरेकर मास्तर आहेतच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे तिथे शाळेत शिकवीत आणि फावल्या वेळात आकड्यांशी खेळत. १९४९ साली त्यांनी जगापुढे ठेवलेली गंमत नुसत्या वजाबाकीची आहे. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे मात्र नकोत. ३५२४ घेऊ. अंक उतरत्या क्रमाने मांडले की ५४३२, चढत्या क्रमाने २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तसेच : ८७३० उणे ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा : ८५३२ उणे २३५८ म्हणजे ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येत राहते. कुठलीही संख्या घेतलीत तरी फार तर सात वेळा वजाबाकी करून तिथेच येऊन पोचता. पाचवीतली मुले पावसाळ्यातली अख्खी दुपार यात घालवतात आणि हातच्याचा सराव होतो तो वेगळाच.

आमच्या त्या दुसरीतल्या मुलीचे म्हणाल, तर पुढच्या चाचणीत तिला पैकीच्या पैकी गुण पडले नाहीत. सहातली चार उदाहरणे बरोबर आली. पण पोटदुखी थांबली. आणि परवा तिने माझ्यासाठी स्वतःच एक उदाहरण रचून आणले : “आमच्या घरात आम्ही ५ जण आहोत. आईनं २० पोळ्या केल्या. सगळ्यांनी मिळून १७ खाल्ल्या. आईला किती उरल्या?” तिच्या वडिलांनीही ते ऐकले. पाच आणि वीस आणि सतरा यांतला कोणता आकडा नको, हे तिला अचूक ठाऊक होते. एवढ्या पोरीला गणित कशाला, असे त्यांनी पुन्हा म्हटलेले मी तरी ऐकले नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, “बेरीज करू की वजाबाकी?” असा प्रश्न आला तर उत्तर देण्याची घाई करू नका. पोळी उलटता उलटता एवढेच म्हणा, “आधी मला गोष्ट सांग बघू.” वाटीभर चिंचोके, राजमा किंवा बटणे हाताशी असू द्या. आठवड्यातून एकदा उदाहरण मुलाने रचायचे आणि आपण सोडवायचे, असेही करून पाहा. मूल आपले उत्तर तपासू लागते तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.