जप्त केलेले पुस्तक

वर्गात चोरून कादंबरी वाचणारा मुलगा सापडला, की मास्तर मनातून सुखावतो, असे मी म्हटले तर माझे सहकारी रागावतील. पण दिवाळीच्या दिवसांत खोटे कशाला बोलावे? गेल्या श्रावणात नागरिकशास्त्राच्या तासाला शेवटच्या बाकावरचा एक मुलगा मांडीवर पुस्तक ठेवून वाचत होता. धडा वाचायला उभा केला, की दर ओळीला अडखळणारा हा मुलगा! मी चेहरा कठोर केला आणि पुस्तक ओढून घेतले. नारायण धारपांची भयकादंबरी. पाठीवर वाचनालयाची खाकी पट्टी, आत खूण म्हणून एस.टी.चे तिकीट. "हे वाचायचे वय आहे का तुझे?" असे दरडावून मी ते पिशवीत टाकले.

रात्री नऊला वह्या तपासायला बसलो आणि दीड वाजता पुस्तक मिटले. वह्या होत्या तशाच राहिल्या. घशाला कोरड पडली होती, पण अंधारातून स्वयंपाकघरापर्यंत जायचा धीर होईना. शेवटी सौ.ला उठवले. सारी हकीकत ऐकून ती म्हणाली, "तो पोरगा शहाणा. निदान दिवसा तरी वाचत होता!"

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पुढचे सारे मला वाचनालयाने शिकवले, आणि तिथे माझे बोट प्रथम धरले ते बाबूराव अर्नाळकरांनी. पुढे मी स्वतः कादंबऱ्या लिहू लागलो आणि ही ओळख लपवू लागलो. चारचौघांत कुणी आवडता लेखक विचारला, की मी गंभीरपणे खांडेकरांचे नाव सांगे. काळापहाडाचे नाव कधी ओठांवर येऊ दिले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. "सर, पुस्तक आज परत करायचे आहे. दंड पडेल." मी ते त्याच्या हाती दिले. त्याने उघडून पाहिले आणि हळूच विचारले, "सर, तिकीट शेवटच्या पानात कसे गेले?"

मास्तरकीची वीस वर्षे त्या एका प्रश्नाने गारद केली. मग मीही धीर करून विचारले, "शाळेच्या वाचनालयात माझी कादंबरी आहे. वाचलीस?"

"घेतली होती, सर. वीस पाने वाचली."

"मग?"

तो खाली बघत म्हणाला, "नदीच संपेना, सर."

वाचकहो, माझ्या त्या कादंबरीची सुरुवात नदीकाठच्या पहाटेच्या वर्णनाने होते. एका समीक्षकाने त्या वर्णनाची स्तुती केली होती. त्या मुलाने मात्र पुस्तक मिटले होते.

हे शल्य घेऊन गणपतीच्या सुटीत मी वाचनालयात ठाण मांडले. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पुन्हा वाचताना खलपुरुष मला लवकरच ओळखू येई, आणि योगायोगांची रेलचेल तर विचारू नका. पण वाक्ये किती छोटी! नुकता वाचायला लागलेला माणूसही झुंजारच्या मागे धावू शकतो. त्याला धाप लागत नाही.

सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ सालची. २०१३ मध्ये तिच्यावर चित्रपट आला, तेव्हा पुस्तकाकडे नव्याने वळलेली मुले मी पाहिली आहेत. शेवटाकडे भावनांना थोडा बांध घातला असता तर बरे झाले असते, असे मला वाटते. पण कट्ट्यावरच्या पोरांची बोली अशी पकडली आहे, की आपणही त्यांच्यातच बसलो आहोत, असे वाटते. वपुंची 'पार्टनर' १९७६ सालची. तिच्यातली काही वाक्ये टाळीसाठी थांबल्यासारखी वाटतात. तरी घरात नवराबायकोला बोलायला जागा नसते, हे दुःख मला त्यांच्याइतक्या सहजपणे सांगता आले नसते.

आणि धारप? २००८ साली ते गेले, पण भीती अजून तशीच ताजी आहे. कारण ती स्मशानातून येत नाही. आपल्यासारख्याच घरातून, वारशात आलेल्या वाड्यातून, न उघडलेल्या खोलीतून ती येते. चांगुलपणा अखेर जिंकतो, यावर त्यांची श्रद्धा आहे. ती काहींना भाबडी वाटेल. रात्री दीड वाजता मला तिचा मोठा आधार वाटला.

या साऱ्यांत मला एक गोष्ट सारखी दिसली. समोरचा माणूस केव्हाही पुस्तक मिटू शकतो, हे या लेखकांनी क्षणभरही विसरले नाही. मी ते विसरलो होतो. सगळेच खपाऊ लेखन चांगले, असे मी म्हणणार नाही. त्यात कचराही पुष्कळ आहे. पण कंटाळवाणे म्हणून कोणतेही पुस्तक थोर ठरत नाही, एवढे मला या वयात कळले.

आता तो मुलगा धडा वाचताना अडखळतो, पण थांबत नाही. माझ्या नव्या कादंबरीची पहिली वीस पाने मी फाडून टाकली. तिचा खर्डा सुटीपूर्वी त्याच्या हाती दिला आहे, आत एस.टी.चे एक तिकीट ठेवून. ते कोणत्या पानावर थांबते, ते दिवाळीनंतर शाळा उघडली की कळेल.