रुळांखालची वाट

मुंबईहून नाशिककडे निघालेल्या बहुतेक गाड्या कसाऱ्याला थांबतात, मागे जोड-इंजिने लागतात आणि थळ घाटाची चढण सुरू होते. सदतीस फुटांमागे एक फूट चढणारा हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६५ मध्ये इगतपुरीपर्यंत खुला केला. त्यासाठी मजुरांनी काळ्या पाषाणात सुरुंग लावून बोगदे खोदले.

आता याच मुलखातून नैसर्गिक वायूही पूर्वेकडे निघाला आहे. गेलची मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनी नाशिक जिल्ह्यात बहुतांशी समृद्धी महामार्गाच्या कडेने जाते. अशी वाहिनी लोहमार्ग ओलांडते तेव्हा रूळ उखडले जात नाहीत. यंत्र एका बाजूने जमिनीखाली आडवे भोक पाडते आणि पोलादी नळी त्यातून पलीकडे नेली जाते. वर गाड्या धावतच असतात. म्हणून रूळ किंचितही खचू नये, यावर सारी नजर असते.

रेल्वेने जमीन घेतली ती कायमची. वाहिनी शेतातून जाते तेव्हा १९६२ च्या कायद्यानुसार सरकार केवळ वापरहक्क घेते. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो. मोबदला बाजारभावाच्या १० टक्के, पिकाची भरपाई वेगळी. मात्र त्या पट्ट्यात घर, विहीर किंवा झाड यांना मनाई. विहिरीवर बागा जगवणाऱ्या नाशिकला ही अट हलकी नव्हे. नळीवरच्या मातीत भात, कांदा पुन्हा डोलतो. आंब्याचे कलम मात्र पट्ट्याबाहेरच लावावे लागते.