एका वेळी एकच

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी दोघातिघांनी "काय रे, संन्यास घेतलास का?" असं विचारलं. आत्याने तर फोन करून सरळ तब्येतच विचारली. तब्येत ठणठणीत आहे. ही गोष्ट मात्र कधीची लिहायची राहून गेली होती. गोष्ट आहे एका आजारी संगणकाची, आणि तोही जुनापुराणा नव्हे, स्वतःच्या हातांनी जुळवलेला, कोरा करकरीत! आत्या, तांत्रिक भाग कंटाळवाणा वाटला तर गाळ, पण शेवट वाच. शेवटी तुझ्याकडे एक काम आहे.

तर झालं असं. मे २०२४. कन्येची दहावीची परीक्षा संपलेली, दिवसभर मोबाइलमध्ये डोकं. आमचा जुना संगणक सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तोवर चहा होऊन, पिऊन, कप विसळून व्हायचे. शिवाय एक काम बरीच वर्षं मनात होतं. आजीच्या कॅसेट्स. १९८४ ते १९८७ या काळात बाबांनी आजीला समोर बसवून जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. साठ मिनिटांच्या अकरा कॅसेट्स. जातं तेव्हा घरात राहिलं नव्हतं. आजी नुसताच हात गोल फिरवत म्हणायची, त्याशिवाय तिला पुढची ओवी आठवायची नाही, असं बाबा सांगतात. चाळीस वर्षांच्या त्या टेप आता किती दिवस टिकणार? त्या संगणकावर घ्यायच्या होत्या.

मग ठरलं, बापलेकीने मिळून संगणक जुळवायचा. एका शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. त्याचं अधिकृत नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते नाव घेऊन पत्ता विचारलात तर समोरचा आपल्यालाच परगावचा समजतो. चार दुकानं फिरून मदरबोर्ड, प्रोसेसर, एसएमपीएस, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम, एसएसडी आणि कॅबिनेट घेतलं. ते धूड घेऊन डोंबिवली लोकलमध्ये शिरणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. :-)

रविवारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून जुळणी. बाबा खुर्ची ओढून बघत बसले होते. बाबांनी टेलिफोन खात्यात, एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढली. स्क्रू कुठला कशाला हे त्यांना न सांगता कळत होतं. रात्री नऊला बटण दाबलं आणि पहिल्या फटक्यात पडदा उजळला. बायकोने देवापुढे साखर ठेवली.

साखर मुंग्यांनी न्यायच्या आत संगणक पडला.

निळा पडदा, त्यावर तो रडका चेहरा, आणि खाली इंग्रजीत बिघाडाचं नाव. (मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये तो पडदा काळा केला आणि चेहराही काढून टाकला. आमच्या नशिबी निळाच होता.) आपोआप रिस्टार्ट झाला, नीट चालला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पडला. कधी गाणं लावल्यावर, कधी नुसता उघडा ठेवून जेवायला बसलो असताना. एकदा चार तास व्यवस्थित, एकदा चार मिनिटांत गार.

घरात प्रत्येकाचं निदान तयार. कन्येच्या मते व्हायरस. बायकोच्या मते समोर मिक्सर लावला की दिवे मंद होतात, तसं काहीतरी विजेचं. ऑफिसातला मित्र म्हणाला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर. मला वाटत होतं, उष्णता, कारण मे महिन्यातली डोंबिवली. मग एका रविवारी मी सगळेच उपाय एकदम केले. फॉरमॅट मारला, ड्रायव्हर नवे घातले, एक जादा पंखा बसवला, रॅम काढून पुसून परत लावल्या, वीज दुसऱ्या प्लगमधून घेतली.

आणि चालला की! एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. मी विजयी मुद्रेने बाबांना म्हणालो, "झाला बरा."

"कशाने?" बाबांनी विचारलं.

"कशाने का असेना, झाला ना!"

"मग झाला नाही," असं म्हणून बाबा पेपरात शिरले.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. त्या तीन दिवसांत मी कॅसेट्स घ्यायला सुरुवात केली. माळ्यावरचा टेपरेकॉर्डर साफ करून वायर जोडली, आणि आजीचा आवाज खोलीत आला. बाबा उठून आत निघून गेले. थोड्या वेळाने येऊन काही न बोलता बसले. सहा कॅसेट्स झाल्या. चौथ्या दिवशी सातवी लावली. अर्ध्यावर आली असेल, आणि निळा पडदा.

इथे मी जे केलं त्याची अजून लाज वाटते. चिडून टेपरेकॉर्डरची बटणं धडाधड दाबली, रिवाइंड, स्टॉप, परत रिवाइंड. चाळीस वर्षांची टेप ती. अडकली, चुरगळली आणि तुटली.

बाबा काही बोलले नाहीत. चष्मा बदलला, कॅसेटचे पाच स्क्रू काढले, चुरगळलेला भाग कात्रीने कापला आणि दोन टोकं चिकटपट्टीने मागच्या बाजूने जोडली. दोन सेंटीमीटर टेप गेली. कॅसेटमध्ये टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकते. म्हणजे गेला तो अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ. साधारण एक शब्द.

मग बाबांनी २०१९ ची एक कोरी राहिलेली डायरी आणून माझ्यापुढे टाकली. "आमच्याकडे प्रत्येक बिघाडाचा कागद असायचा. पडला कधी, तेव्हा काय चालू होतं, पडद्यावर काय आलं, त्यानंतर तू काय बदललंस. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. कायमचा बिघाड शिकाऊ पोरगाही शोधतो. येतो-जातो तो बिघाड वहीशिवाय सापडत नाही."

आठवड्यात नऊ नोंदी झाल्या. डायरी बघितल्यावर माझे सगळे सिद्धांत एकेक करून गळाले. प्रोसेसरचं तापमान पडायच्या वेळी साठच्या आसपास, म्हणजे उष्णता नाही. दोनदा इन्व्हर्टरवर असताना पडला, म्हणजे बाहेरची वीज नाही. रॅम छापील वेगाने चालवायला मी बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं होतं. ते बंद करूनही पडला. आणि बिघाडाची नावं दर वेळी निराळी. कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', कधी 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. मी वैतागून म्हटलं, "यातून काय समजायचं? रोज वेगळंच सांगतोय!"

बाबा म्हणाले, "एकच माणूस रोज निराळं कारण सांगून कामावर उशिरा येत असेल, तर कारणं तपासू नयेत. माणूस तपासावा."

तो माणूस म्हणजे रॅम. सगळे प्रोग्रॅम जिथे बसून काम करतात ती जागाच कच्ची असेल, तर जो त्या जागेवर बसेल तो पडणार, आणि नाव त्याचं लागणार. मेमटेस्ट८६ नावाचा एक प्रोग्रॅम आहे, क्रिस ब्रॅडी यांनी १९९४ साली लिहिलेला. पेन ड्राइव्हवर घालून विंडोजशिवायच चालवायचा. मेमरीच्या प्रत्येक घरात तो काहीतरी लिहितो, परत वाचतो आणि ताडून बघतो. रात्री लावला. दोन वाजता पाणी प्यायला उठलो तर पडद्यावर लाल ओळी.

आता दोन्ही रॅम बदलून टाकायचा मोह होत होता, पण डायरी समोर होती. पहिल्या रात्री एकच रॅम लावली, चारही फेऱ्या स्वच्छ. दुसऱ्या रात्री त्याच खाचेत दुसरी लावली, लाल. तिसऱ्या रात्री तीच दुसऱ्या खाचेत, पुन्हा लाल. चौथ्या रात्री चांगली रॅम त्या खाचेत, स्वच्छ. म्हणजे मदरबोर्ड निर्दोष, दोष त्या एका पट्टीत. आणि दर वेळी चुकणारा बिट एकच, त्याच पत्त्यावरचा!

हे बिट प्रकरण थोडक्यात सांगतो. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे विद्युतभार साठवणारी एक इवलीशी वाटी आणि तिच्यावरचं एक झाकण. वाटी भरलेली असेल तर एक, रिकामी असेल तर शून्य. वाटी गळकी असते, म्हणून ती सेकंदाला अनेकदा पुन्हा भरावी लागते. ही रचना आयबीएममध्ये रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली. आम्ही जुळणी केली त्याच्या आदल्याच महिन्यात, एप्रिल २०२४ मध्ये, ते ९१ व्या वर्षी गेले. आमच्या सोळा जीबीत अशा सुमारे १३,७४४ कोटी वाट्या. त्यातली एक जरा जास्त गळत होती.

एका वाटीने काय होतं? २००३ साली बेल्जियमच्या निवडणुकीत, शारबेक इथे, एका उमेदवाराला शक्य होती त्यापेक्षा जास्त मतं दिसली. मतदानाची कार्डं पुन्हा मोजली तेव्हा नेमकी ४,०९६ मतं जादा निघाली. दोनाचा बारावा घात म्हणजे ४,०९६. मोजणाऱ्या यंत्रातला एक बिट आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष निघाला. ते यंत्र बंद पडलं नव्हतं, पडद्यावर काही आलं नव्हतं. आकडा अशक्य होता म्हणून सापडला. शक्य असता तर?

हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या तीन 'चांगल्या' दिवसांत सहा कॅसेट्स याच रॅममधून गेल्या होत्या. मी त्या फ्लॅक या प्रकारात साठवल्या होत्या. त्यात प्रत्येक फाइलबरोबर तिचा एक गणिती ठसा साठवलेला असतो. तपासलं. पाच जुळल्या, चौथ्या कॅसेटचा ठसा जुळला नाही. ऐकताना मला काहीही वेगळं जाणवलं नव्हतं. आणि ठसा उमटायच्या आधीच एखादा बिट उलटला असेल, तर ठसा चुकीच्याच आवाजाचा, म्हणजे तोही बिनबोभाट जुळणार. सहाच्या सहा कॅसेट्स पुन्हा घेतल्या. एका चांगल्या रॅमवर, सावकाश. सातवीही झाली, दोन सेंटीमीटर सोडून. वाईट रॅम कंपनीने तीन आठवड्यांनी वॉरंटीत बदलून दिली.

इतके दिवस मी त्या निळ्या पडद्याला शिव्या घालत होतो. खरं तर सगळ्यात प्रामाणिक तोच होता. संगणक पडला तेव्हा मला कळलं तरी. जिथे पडला नाही, तिथे तो मला शांतपणे चुकीचं देत होता.

हे मी बाबांना म्हणालो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग आपल्या कपाटातून एक डायरी काढून आणली, यंदाची. पानापानावर त्यांचं बारीक अक्षर. सकाळची गोळी घेतली. गॅस बंद केला. वाण्याला दोनशे दिले. मागच्या वर्षीचीही तशीच. मला यातलं काही माहीत नव्हतं.

"नाव आठवलं नाही की माणूस अडतो," बाबा म्हणाले. "त्याचं मला काही नाही, अडलो की कळतं. पण मध्यंतरी मी तुझ्या आईला एक गोष्ट ठामपणे सांगितली, आणि ती तशी नव्हतीच. मला जराही शंका आली नव्हती. त्या दिवसापासून लिहितो."

मी काय बोलणार? डॉक्टरकडे जाऊन आलोय, तपासण्या झाल्यात, वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाले. बाबा डायरी लिहितात. आता मीही लिहितो.

हल्ली संध्याकाळी बाबा आणि कन्या ओव्या ऐकून उतरवून घेतात. ती टाइप करते, ते शब्द सांगतात. सातव्या कॅसेटमधला तो जोड आला तेव्हा मी दारातच उभा होतो. कन्येने थांबवून विचारलं, "आजोबा, इथे कुठला शब्द होता?" बाबांनी लगेच एक शब्द सांगितला. तिने टाइप केला. मग ते म्हणाले, "थांब. त्याच्यापुढे कंसात 'असावा' लिही."

तर आत्या, तुझं काम हे. माहेरची ती ओवी, ज्यात तुझं आणि बाबांचं दोघांचं नाव येतं, तिच्या तिसऱ्या चरणातला शेवटचा शब्द कोणता? बाबांना विचारू नकोस, मी त्यांचा शब्द मुद्दामच इथे लिहिलेला नाही. तुला जो आठवेल तो मला फोन करून सांग. दोन ठिकाणी निरनिराळ्या ठेवलेल्या नोंदी जुळल्या, तर तो कंस काढून टाकू.

नाही जुळल्या, तर दोन्ही लिहू.